ट्यूबलाइटखालची रोपं: पेरणीपासून गच्चीपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा फ्लॅट पुण्यात, उत्तरेकडे तोंड करून, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. पावसाळ्यात घरात रोपं करायची आणि पाऊस सरला की गच्चीवर न्यायची, असा सात वर्षांचा शिरस्ता आहे. नागपंचमीपासून दिवाळीपर्यंत ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे सगळे मला रोपांचे फोटो पाठवतात आणि खाली एकच वाक्य असतं: "हे असं का झालं?" तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. जिथे एक उत्तर दुसऱ्यात अडकलेलं आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रोपवाटिकेत दोन-पाच रुपयांत तयार रोप मिळतं. मग घरात दिवे लावून हा खटाटोप कशाला?

पाच-सहा टोमॅटोच लावायचे असतील तर खरंच करू नका, रोपवाटिकेतून आणा. गॅलरीत रोज चार-पाच तास थेट ऊन येत असेल तरीही दिव्याच्या नादी लागू नका, उन्हाची बरोबरी कुठलाच दिवा करत नाही. खटाटोप दोन कारणांनी परवडतो. एक, तुमच्याकडे गावाहून आलेलं खास बी आहे. आजोळच्या काटेरी वांग्याचं किंवा घरच्या मिरचीचं रोप विकत मिळत नाही. दोन, हंगाम गाठायचा आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात गच्चीवर पेरलं तर एका सरीत बी वाहून जातं आणि कोंब आडवे होतात. घरात पेरलं तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस आवरता घेतो तेव्हा, हातात महिन्या-सव्वा महिन्याचं रोप असतं.

२. आमच्या खिडकीत भरपूर उजेड आहे. तो पुरणार नाही का?

बहुतेक वेळा नाही. डोळा इथे फसवतो. कमी उजेडात बाहुली मोठी होते आणि आपल्याला खोली लख्ख वाटते. फोनवर उजेड मोजायचं फुकट ॲप घ्या. ते 'लक्स'मध्ये आकडा दाखवतं. फोनगणिक तो बदलतो, पण तुलनेला पुरतो. मागच्या जुलैत भर दुपारी मी मोजलं तेव्हा ढगाळ गच्चीवर पंधरा हजाराच्या आसपास, खिडकीच्या काचेला लागून एकवीसशे आणि चार फूट आत जेवणाच्या टेबलावर फक्त एकशे ऐंशी आले. कडक उन्हात हाच आकडा एक लाखापर्यंत जातो.

टोमॅटो, मिरची, वांग्याच्या रोपाला साधारण दहा हजार लक्स, दिवसाचे चौदा-सोळा तास मिळाले तर ते बुटकं आणि जाड राहतं. खिडकीतलं रोप मरत नाही, नुसतं लांबत राहतं (प्रश्न ११).

३. दिवा कोणता घ्यायचा? तो जांभळा 'ग्रो लाइट' लागतोच का?

लागत नाही. साधी पांढरी एलईडी ट्यूब पुरते. २० वॅटची, चार फुटी, खोक्यावर ६५०० केल्विन किंवा 'कूल डेलाइट' लिहिलेली. पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळाच दिवा असतो. त्यावरच्या लेपामुळे हिरवा, पिवळा, लाल प्रकाशही बाहेर पडतो. म्हणजे रोपाला हवं ते सगळं त्यात आहे, आणि ६५०० मध्ये निळा भाग जास्त असल्यामुळे रोप आखूड राहतं. जांभळ्या दिव्याने रोप वाढतं, नाही असं नाही, पण त्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे ते कळतच नाही. दिवाणखान्यात तो रंग आला की शेजारी विचारतात ते वेगळंच.

हिशोब असा: २० वॅटची ट्यूब सुमारे २००० ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) देते, आणि एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन म्हणजे लक्स. चार फूट लांब, एक फूट रुंद फळीवर दोन ट्यूब लावल्या आणि सगळा उजेड तिथेच पडला असं धरलं तर दहा हजार लक्सच्या थोडं वर जातं. प्रत्यक्षात थोडा उजेड बाजूने निसटतो. म्हणून कोबी-फ्लॉवरला दोन ट्यूब, मिरची-टोमॅटोला जमल्या तर तीन.

जुना पिवळा बल्ब नको. त्यात वीज बहुतेक उष्णतेतच जाते, रोप भाजतं आणि तरी लांबतं. ९ वॅटचे एलईडी बल्ब घरात पडून असतील तर चार बल्ब एका फळीवर शेजारी शेजारी लावून चालवा. एकट्या बल्बखाली मात्र दोन-तीन कपांपलीकडे उजेड जात नाही.

४. ट्यूब रोपांपासून किती वर ठेवायची?

शेंड्यापासून दहा ते पंधरा सेंटिमीटर. म्हणजे वीतभरसुद्धा नाही, वितीपेक्षा कमी. सगळ्यात जास्त फोटो मला ज्या चुकीचे येतात ती हीच: रोपं जमिनीवर आणि ट्यूब छताला. एवढ्या अंतरावरून दोन-तीनशे लक्ससुद्धा कसेबसे पोचतात. ट्यूबचं अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण निम्मा होतो, बल्बचं केलं तर पाव.

एलईडी फार तापत नाही. हाताची पाठ शेंड्याच्या उंचीवर मिनिटभर धरा. ऊब जाणवली तर थोडं वर घ्या. ट्यूब साखळीने आणि एस आकाराच्या हुकांनी टांगली तर दर चार दिवसांनी एकेक कडी वर सरकवता येते. हूक नसतील तर उलट करा: ट्यूब जागेवर ठेवून ट्रेखाली जुनी पुस्तकं रचा आणि रोप वाढेल तसं एकेक काढा. माझी पहिली दोन वर्षं मुलाच्या दहावीच्या गाइडांवर गेली.

५. चोवीस तास दिवा चालू ठेवला तर लवकर वाढतील का?

नाही. टोमॅटो आणि वांग्याला तर ते सरळ बाधतं. अखंड उजेडात काही दिवसांत पानं पिवळी, चट्टेदार होतात. चौदा ते सोळा तास उजेड आणि उरलेला वेळ पूर्ण अंधार ठेवा. प्लगमध्ये बसणारा फिरत्या तबकडीचा टायमर मिळतो, तो घ्या. माणसाच्या लक्षात राहण्यावर हे काम सोडू नये. सकाळी सहा ते रात्री दहा ही वेळ बहुतेक घरांना सोसते. मांडणी झोपायच्या खोलीत असेल तर पहाटे चार ते संध्याकाळी सहा करून वर चादर टाका.

दिवसा दोन-तीन तास वीज गेली तर काही बिघडत नाही. फक्त तबकडीचा टायमर वीज गेल्यावर तिथेच थांबतो, तेवढं घड्याळ पुढे करायला विसरू नका. कांदा आणि झेंडू मात्र तासांच्या बाबतीत हट्टी आहेत, त्यांच्यासाठी प्रश्न १८.

६. मांडणी घरच्या घरी कशी करायची? विकतचे रॅक महाग आहेत.

आमच्याकडे सासूबाईंची चार कप्प्यांची स्टीलची मांडणी आहे. वरच्या दोन कप्प्यांत अजून पातेली आहेत, खालचे दोन माझे. वरच्या कप्प्याच्या जाळीला खालून ट्यूब टांगायची, झालं. एक मेख आहे. घरगुती मांडणी बहुधा अडीच-तीन फुटी असते आणि चार फुटी ट्यूब तिच्या बाहेर येऊन येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागते. त्यासाठी दोन फुटी, १० वॅटच्या ट्यूब मिळतात. त्या प्रत्येक कप्प्यात तीन-चार लावा.

मांडणी नसेल तर एखादं जुनं टेबल उलटं करा, चार पाय वर. समोरासमोरच्या पायांना सुतळी बांधून तिच्यावर ट्यूब आडवी ठेवली की सुतळी खाली-वर करून उंची बदलता येते. तीन बाजूंना थर्माकोलचे पांढरे तक्ते उभे करा. निसटणारा उजेड परत आत येतो, आणि कडेची रोपं वाकडी होत नाहीत. ॲल्युमिनियमच्या फॉइलपेक्षा पांढरा पृष्ठभाग बरा, तो उजेड सारखा पसरवतो. चौथी बाजू उघडीच ठेवा. सगळं बंद केलं की आत दमट होतं आणि मग प्रश्न १२ वाचायची वेळ येते.

७. पाणी आणि वीज इतकी जवळजवळ, भीती वाटते.

वाटायलाच हवी. घरगुती ट्यूब पाण्यासाठी बनवलेली नसते. एक्स्टेन्शन बोर्ड रोपांच्या खाली किंवा जमिनीवर कधीच ठेवू नका, तो भिंतीवर, ट्रेच्या वरच्या उंचीला टांगा. वायर बोर्डात जाण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, प्लगमध्ये जात नाही. फवारताना आणि पाणी घालताना आधी स्विच बंद. घरात गळतीचा करंट पकडून वीज तोडणारा ब्रेकर नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून तो बसवून घ्या. तो रोपांसाठी नव्हे, घरासाठीच हवा. उघड्या वायरी चिकटपट्टीने गुंडाळून काम भागवणाऱ्यांनी कृपा करून खिडकीतच रोपं करावीत.

८. वीजबिल किती वाढेल?

२० वॅटच्या दोन ट्यूब सोळा तास म्हणजे दिवसाला ०.६४ युनिट, महिन्याला साधारण १९ युनिट. बिलावरचा तुमच्या स्लॅबचा दर घेऊन गुणा. हंगाम सव्वा महिन्याचाच असतो.

९. बागेतली माती कपात भरली तर?

जमिनीत चांगली असलेली माती एवढ्याशा कपात विटेसारखी बसते, वर बुरशी सोबत घेऊन येते. मी दोन वाट्या कोकोपीटला (नारळाच्या सालीचा भुसा) एक वाटी चाळलेलं गांडूळखत घेते. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीनदा पिळून धुवा, त्यात मीठ असतं. बादलीतलं पहिलं पाणी चहासारखं लाल निघतं, शेवटचं फिकट निघेपर्यंत धुवायचं.

भांडं म्हणून चहाचे कागदी कप, श्रीखंडाचे डबे, रोपवाटिकेतले ९८ कप्प्यांचे प्रो-ट्रे, काहीही चालतं. बुडाला भोकं हवीत, एक नव्हे तीन-चार. प्लास्टिकला गरम केलेल्या दाभणाने पाडा. काळ्या पिशवीत रोप करणार असाल तर तीही चालते, फक्त दिव्याखाली ती आडवी पडत राहते.

१०. बी पेरल्यापासूनच दिवा लावायचा का? माझी मिरची दहा दिवस झाले तरी उगवली नाही.

टोमॅटो-मिरचीच्या बियांना रुजण्यासाठी उजेड लागत नाही, ऊब आणि ओल लागते. पेरलेला ट्रे ओल्या सुती फडक्याखाली किंवा वर वर्तमानपत्र टाकून ठेवा. टोमॅटो पाच ते आठ दिवसांत, कोबी-फ्लॉवर चार ते सहात, वांगं सात ते दहात आणि मिरची सात ते चौदा दिवसांत वर येते. तुमच्या मिरचीला आणखी चार दिवस द्या. रोज माती उकरून बघू नका.

खरी घाई पुढे आहे. मातीतून पहिली वाकडी मान दिसली रे दिसली की त्याच दिवशी झाकण काढून ट्रे ट्यूबखाली. "उद्या ठेवू" म्हटलं की रात्रीत ती मान दोन इंच होते, आणि ती लांबी पुन्हा आखूड होत नाही. सगळी बियाणं उगवायची वाट बघू नका, निम्मी वर आली की पुरे.

११. रोपं नुसती लांबुळकी झाली आहेत, दोऱ्यासारखी. वाचतील का?

कुठलं रोप आहे त्यावर आहे. टोमॅटो असेल तर निश्चिंत राहा. त्याच्या खोडाला मातीत गेल्यावर नवीन मुळं फुटतात. मोठ्या कपात बदलताना पहिल्या दोन पानांपर्यंत खोल लावा. ही जी उगवताना येणारी जाड, गुळगुळीत जोडी असते ती खरी पानं नव्हेत, बीजपत्रं. कोबी-फ्लॉवरलाही बीजपत्रांपर्यंत माती चढवता येते, त्यापुढे नको, शेंडा कुजतो. मिरची-वांग्याला बोटाचं एक पेर माती चढवून काडीचा आधार द्या. त्यांचं खोड टोमॅटोइतक्या सहज मुळं सोडत नाही. कलमी टोमॅटो असेल तर जोड मातीच्या वरच राहू द्या, नाहीतर कलमाचा उपयोगच संपतो.

मग कारण दुरुस्त करा, ते बहुधा प्रश्न ४ मध्ये सापडेल. शिवाय दिवसातून दोन तास टेबलफॅन सगळ्यात कमी वेगावर, तीन-चार फुटांवरून सोडा, किंवा येता-जाता शेंड्यांवरून हलकेच तळहात फिरवा. वाऱ्याने हललेलं खोड जाड होतं. माझ्या पुतणीला हे काम फार आवडतं, रोपांच्या डोक्यावरून मांजरीसारखा हात फिरवते.

१२. काल संध्याकाळी ताठ होती, सकाळी बुडातून आडवी. काय झालं?

रोपमर. खोड मातीला टेकतं तिथे बघा, सुतासारखं बारीक, पाणचट, तपकिरी झालेलं असेल. ही मातीतली बुरशी असते आणि ती ओलीवर, दाटीवर, कोंडलेल्या हवेवर पोसते. पडलेलं रोप वाचत नाही. ते आणि भोवतालची माती चमच्याने उचलून टाका, खतात नको. उरलेल्यांचं पाणी वरचा थर कोरडा होईपर्यंत तोडा आणि पंखा चालू करा. वरून हळद किंवा दालचिनी भुरभुरवल्याने कुणाचं काही वाचलेलं मी पाहिलं नाही, तोडलेल्या पाण्याने वाचलेली मात्र पाहिली आहेत.

पुढच्या वेळी ट्रे साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, बी दाट पेरू नका आणि मिश्रणात ट्रायकोडर्मा मिसळा. कृषी सेवा केंद्रात त्याची छोटी पुडी मिळते. ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशी आहे, ती आधी जागा धरून बसते. त्यामुळे रोग आल्यावर नाही, पेरायच्या आधी वापरायची.

१३. मग पाणी द्यायचं तरी किती?

"रोज एक चमचा" अशा मापांवर विश्वास ठेवू नका. कप उचलून बघा. नुकतं पाणी दिलेला कप आणि सुकलेला कप यांच्या वजनातला फरक दोन दिवसांत हाताला कळायला लागतो. हलका लागला की द्यायचं. द्यायचं तेही खालून: परातीत बोटाच्या एका पेराएवढं पाणी घालून कप त्यात वीस मिनिटं ठेवा, मग परात रिकामी करा. वरचा थर कोरडा राहतो आणि मुळं खाली धावतात. कोकोपीट वरून सुकं, फिकट दिसलं तरी आत ओलं असू शकतं, म्हणून डोळ्यापेक्षा हात बरा.

साधं नळाचं पाणी चालतं. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी आणि सॉफ्टनरचं पाणी रोपांना घालू नका, दोन्हींत क्षार असतात.

मला येणाऱ्या मेलेल्या रोपांच्या फोटोंपैकी बहुतेकांत माती काळीशार ओली असते. खाली लिहिलेलं असतं, "रोज दोन वेळा न चुकता पाणी देते."

१४. खत कधी?

खरी पानं, म्हणजे त्या जातीची ओळखू येणारी कातरलेली पानं, दोन आली की. त्याआधी बीमधली शिदोरी पुरते. कोकोपीटमध्ये स्वतःचं पोषण जवळपास नसतं, पण मिश्रणात गांडूळखत असेल तर पहिले दोन-तीन आठवडे रेटतात. नंतर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. जास्त घालून रोप लवकर तयार होत नाही, नुसतं लुसलुशीत होतं आणि गच्चीवर पहिलं तेच माना टाकतं.

१५. ट्रेभोवती बारीक काळी चिलटं उडतात.

कुजणाऱ्या ओल्या खतातली आहेत. उडणारी निरुपद्रवी, त्यांच्या अळ्या मात्र कोवळी मुळं खातात. वरचा अर्धा सेंटिमीटर थर सुकू द्या, त्यावर बारीक वाळूचा पातळ थर पसरा, पिवळा चिकट सापळा कपांच्या उंचीला लावा. पाणी खालूनच (प्रश्न १३).

१६. पानांवर फोड आलेत / पानं खालून जांभळी झालीत / कडा करपल्यात. कोणतं औषध फवारू?

तिन्ही फोटोंना उत्तर एकच: अजून काहीच फवारू नका.

टोमॅटोच्या पानाखाली मिठाच्या खड्यासारखे बारीक फुगवटे दिसत असतील तर तो रोग नाही. घरातल्या दिव्यात सूर्याचे अतिनील किरण नसतात, त्यात पाणी जास्त आणि हवा दमट, मग पानातल्या पेशी फुगतात. पाणी कमी करा. बाहेर गेल्यावर येणारी नवी पानं स्वच्छ असतात.

पानं खालून जांभळी होतात ती बहुधा थंडीत, मुळं गारठून स्फुरद (फॉस्फरस) उचलत नाहीत तेव्हा. जानेवारीत पेरणाऱ्यांकडून हा फोटो हमखास येतो. फरशीवरचा ट्रे लाकडी पाटावर ठेवा. टोमॅटोच्या खोडावर थोडी जांभळी छटा मात्र जातिवंतच असते.

कडा करपणं म्हणजे क्षार साठले, खताचे किंवा टँकरच्या बोअरवेलच्या पाण्याचे. एकदा साधं पाणी वरून भरपूर ओतून खाली निथळू द्या.

१७. याच पद्धतीने सगळ्या भाज्यांची रोपं करता येतात का?

टोमॅटो, वांगं, मिरची, कोबी, फ्लॉवर, कांदा, लेट्यूस यांची होतात. गाजर, मुळा, मेथी, कोथिंबीर जागेवरच पेरा. गाजराचं सोटमूळ हलवलं की गाजराला पाय फुटतात. काकडी, दोडका, कारलं या वेलींना मुळं हललेली खपत नाहीत. त्यांना कागदी कपात एकेक बी टाकून बारा-पंधरा दिवसांत, दोनच खरी पानं असताना, माती न फोडता लावा. महिनाभर घरात सांभाळलेली काकडी ट्यूबला वेटोळं घालते, हे मी करून पाहिलं आहे.

१८. कांद्याच्या रोपांना ट्रेमध्येच गोट्यांएवढे कांदे धरले! आणि झेंडूला दसरा उलटला तरी कळी नाही.

दोन्हींना तुमचा सोळा तासांचा टायमर नडला. आपल्याकडचा कांदा कमी लांबीच्या दिवसातला. दिवस बारा तासांच्या आसपास गेला की तो गड्डा धरायच्या मागे लागतो. सोळा तास उजेड दिला तर त्याला वाटतं हंगाम संपत आला, आणि बिचारा पेन्सिलीएवढाही होण्याआधी कांदा धरतो. कांद्याच्या रोपांना दहा-साडेदहा तासच द्या आणि उजेडाची कसर ट्यूब जवळ आणून भरून काढा. पंचेचाळीस-पन्नास दिवसांचं रोप लावायचं असतं.

मोठ्या फुलांचा झेंडू लांब दिवसात पानंच वाढवत बसतो. फुलं दसऱ्यालाच हवी असतील तर त्यालाही बारा तासांपेक्षा जास्त उजेड नको. शेवंतीचं तेच, किंबहुना जास्तच कडक.

१९. बाहेर कधी आणि कसं न्यायचं?

कधी: टोमॅटो पंचवीस-तीस दिवसांचा, वांगं तीस ते चाळीस, मिरची पस्तीस ते पंचेचाळीस, कोबी-फ्लॉवर तीन-चार आठवड्यांचा झाला की. चार-पाच खरी पानं आणि पेन्सिलीच्या शिशापेक्षा जाड खोड हवं.

कसं, ते सविस्तर सांगते, कारण पहिल्या वर्षी मी छत्तीस टोमॅटो एका दुपारीत घालवले. ट्यूबखाली ती इतकी देखणी झाली होती की ऑक्टोबरातल्या एका सुट्टीच्या दिवशी अकरा वाजता सगळी गच्चीवर मांडली आणि जेवायला खाली आले. तीनला वर गेले तर पानं टिश्यू पेपरसारखी पांढरी, कुरकुरीत. ट्यूबखाली त्यांनी दहा हजार लक्स पाहिले होते, गच्चीवर एक लाख. घरातल्या पानाची वरची त्वचा पातळ असते. ऊन, अतिनील किरण आणि वारा यांना पुरे पडणारं जाड पान तयार करायला त्याला आठ-दहा दिवस लागतात.

तर ते आठ-दहा दिवस असे काढा. पहिले दोन दिवस सकाळी आठच्या आत दोन तास, पूर्ण सावलीत, टाकीच्या आडोशाला. मग परत घरात, ट्यूबखाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सावलीत अर्धा दिवस. पाचव्यापासून सकाळचं कोवळं ऊन, आधी एक तास, मग दोन, मग तीन. आठव्या दिवशी जुन्या सुती साडीच्या किंवा हिरव्या शेडनेटच्या एका थराखाली दिवसभर. दहाव्या दिवशी रात्रभर बाहेर. या काळात खत बंद, पाणी थोडं ताणून. पण माना टाकेपर्यंत नाही, आणि बाहेर नेताना कप भरलेलाच हवा.

आणखी दोन गोष्टी. गच्चीचा स्लॅब दुपारी तव्यासारखा तापतो आणि काळ्या कपातली मुळं शिजतात, म्हणून कप विटांवर किंवा फळीवर ठेवा. सहाव्या-सातव्या मजल्यावर उन्हापेक्षा वारा जास्त मारतो, कठड्याच्या आतल्या कोपऱ्यात ठेवा. शेवटची लावणी संध्याकाळी करा आणि पुढचे तीन-चार दिवस साडी तशीच राहू द्या.

२०. उशीर झाला, आधीच पांढरे चट्टे पडले. उपटून टाकू?

शेंडा बघा. तो हिरवा असेल तर रोप वाचेल. पांढरा भाग पुन्हा हिरवा होत नाही, पण ती पानं लगेच तोडू नका, उरलेला हिरवा भाग अजून कामाचा आहे. सावलीत न्या आणि प्रश्न १९ मधल्या पहिल्या दिवसापासून सुरू करा. माझ्या छत्तीसपैकी पाच वाचले होते.

२१. बाहेर नेताना किडीची भीती आहे. घरात तर एकही कीड नव्हती.

रास्त आहे. घरातलं कोवळं, बिनकिडीचं रोप म्हणजे पांढऱ्या माशीला मेजवानी. मिरचीचा बोकड्या (चुरडामुरडा, यात पानं आकसून वाकडी होतात) फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांच्यामुळे येतो. पहिले पंधरा दिवस बारीक कीडरोधक जाळी टाका, साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून फुलकिडे आरामात जातात. गच्चीवर आधीचं आजारी झाड असेल तर ते रोपं वर नेण्याआधी काढा, नंतर नाही.

एक कानाकोपऱ्यातला मुद्दा: घरात कुणी तंबाखू मळत असेल तर हात साबणाने धुतल्याशिवाय टोमॅटो-मिरचीला लावू देऊ नका. तंबाखूतला मोझॅक विषाणू हाताने पसरतो. आमच्या सोसायटीतले एक काका हे ऐकून आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. रोपांना मात्र लांबूनच बघतात.

२२. रोपं तयार आहेत, पण पाऊस परत आला / कुंड्या यायच्या आहेत / गणपतीला पाच दिवस गावाला जायचंय.

आठ-दहा दिवस थोपवता येतं. खत बंद, पाणी कमी, उजेड तसाच. मुळं बुडाच्या भोकांतून बाहेर आली असतील तर थोपवू नका, मोठ्या कपात हलवा. अपवाद फ्लॉवरचा. त्याला कपात अडकवून ठेवलं, वय वाढलं, की लावल्यावर लिंबाएवढा गड्डा धरून मोकळा होतो. पाऊस असला तरी त्याला आधी जागा द्या, वरून प्लास्टिक ताणा.

गावाला जाताना जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. एक टोक कपाच्या भोकातून आत मातीत, दुसरं खाली ठेवलेल्या पाण्याच्या डब्यात. पट्टी आधी भिजवून लावा, नाहीतर पाणी चढत नाही. निघायच्या दोन दिवस आधी हे करून बघा. टायमर बारा तासांवर आणा आणि ट्यूब दोन कड्या वर घ्या, कारण पाच दिवसांत रोप वाढून ट्यूबला टेकतं. शेजाऱ्यांना किल्ली देऊन "पाणी घाला" सांगू नका. ते फार मनापासून घालतात.

२३. आम्ही टोरंटोला असतो. बेसमेंटमध्ये घरची मिरची करायची आहे. हेच सगळं लागू होतं का?

दिव्याचं सगळं तसंच, ऋतूचं उलट. आम्ही पाऊस संपायची वाट बघतो, तुम्ही रात्रीची गोठवणारी थंडी संपायची. तिथे बहुतेक जण मेच्या उत्तरार्धातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीनंतर बाहेर लावतात. तिथून मागे मोजा: मिरची आठ ते दहा आठवडे आधी, टोमॅटो सहा ते आठ.

बेसमेंटमध्ये सोळा-सतरा अंश असेल तर मिरचीचं बी रुजायला तीन-तीन आठवडे घेतं किंवा कुजतं. त्याला पंचवीस ते तीस अंश हवेत. उगवेपर्यंत रोपांची गरम चटई वापरा किंवा ट्रे फ्रिजच्या डोक्यावर ठेवा, मान दिसली की दिव्याखाली. बाहेर सरावताना तुमचा वैरी उन्हापेक्षा गार वारा जास्त. रात्री दहा अंशांखाली जाणार असेल तर कप आत घ्या.

बी भारतातून नेणार असाल तर ते विमानतळावर जाहीर करा आणि त्या देशाचे नियम आधी वाचा. लोणच्याच्या बरणीमागे लपवलेली पुडी सापडली तर बी जातंच, बरणीही उघडून बघतात.

२४. हंगाम संपल्यावर ट्यूब आणि ट्रेचं काय करायचं?

ट्रे आणि कप साबणाने घासून दोन दिवस उन्हात. ट्यूबवर खताचे शिंतोडे वाळून बसलेले असतात, प्लग काढून ओलसर फडक्याने पुसा. धुळीने झाकलेली ट्यूब पुढच्या वर्षी "कमी उजेड देते" म्हणून लोक फेकतात. टायमर डब्यात ठेवताना त्यावर तास लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. आमच्याकडे दिवाळीच्या फराळाआधी खालचे दोन कप्पे रिकामे करून द्यावे लागतात. सासूबाईंचे डबे तोवर दारात येऊन उभे असतात.